मुंबई सिटी फुटबॉल क्लब

महाराष्ट्रातील एक व्यावसायिक फुटबॉल संघ. इंडियन सुपर लीग या अखिल भारतीय साखळी स्पर्धेसाठी ३० ऑगस्ट २०१४ रोजी त्याची स्थापना झाली. चित्रपट अभिनेते रणबीर कपूर व सनदी लेखापाल बिमल पारेख हे त्याचे संस्थापक-मालक होत. २०१४ व २०१५ हे पहिले दोन हंगाम नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय्. पाटील क्रीडागारात खेळून २०१६ पासून संघ अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील मैदानावर गेला. फुटबॉलमध्ये सामान्यतः आधी वस्ती, मग तिचा संघ व त्यानंतर स्पर्धा असा क्रम आढळतो. येथे आधी स्पर्धा, मग संघ आणि अखेरीस पाठीराखे असा उलटा क्रम दिसतो. या क्लबच्या इतिहासाचे वेगळेपण त्यातच आहे.

पूर्वपीठिका : मुंबईत फुटबॉल हा खेळ ब्रिटिश पलटणींबरोबर आला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेवर प्रारंभी त्यांचेच वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने हा चषक प्रथमच एका भारतीय संघाकडे आणला. स्वातंत्र्योत्तर काळात कुलाब्याजवळील कूपरेज मैदान हे मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र बनले. तथापि येथील प्रमुख संघ वस्त्यांचे नव्हते, ते कंपन्यांचे होते. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया इ. आस्थापनांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या व खेळ जगविला. मात्र कंपनीचे धोरण बदलताच संघही संपुष्टात येत. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे २००५-०६ चे विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफ्. सी. या क्लबला २०१७ मध्ये आय-लीगमधून पदावनत व्हावे लागले. याउलट कोलकात्यात मोहन बागान (१८८९) व ईस्ट बंगाल (१९२०) यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा उभी राहिली, तर महाराष्ट्रात कोल्हापूरने तालमी व पेठा यांच्या नावांनी खेळणाऱ्या संघांची परंपरा जोपासली. मुंबईसारख्या महानगरात अशी परंपरा रुजली नव्हती.

नवी मुंबईतील पर्व : १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेले नवी मुंबई हे नियोजित शहर. तेथील डी. वाय्. पाटील क्रीडागार २००८ मध्ये खुले झाले. सु. ५५,००० प्रेक्षकांची सोय असलेली ही वास्तू मुळात क्रिकेटसाठी बांधलेली असल्याने तिचे मैदान वर्तुळाकार आहे. त्यामुळे फुटबॉलच्या वेळी प्रेक्षक व खेळाडू यांत अंतर पडते. मुंबई सिटीने पहिला सामना कोलकात्यात ०-३ असा गमावला. परंतु १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळ येथे पुणे सिटी संघावर ५-० असा विजय मिळविला. आंद्रे मोरित्झ या ब्राझीलियन खेळाडूने त्यात केलेले तीन गोल ही स्पर्धेतील पहिली ‘हॅट्‌ट्रिक’ होय. याच मैदानावर २८ ऑक्टोबर २०१५ रोजी सुनील छेत्री याने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले. या स्पर्धेत असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय खेळाडू ठरला. पीटर रीड व निकोला आनेल्का यांच्या मार्गदर्शनाखालील या दोन्ही हंगामांत संघ उपांत्य फेरी मात्र गाठू शकला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये गोव्याकडून त्याला ०-७ असा दारुण पराभव पतकरावा लागला.

पश्चिम उपनगरांतील प्रेक्षकांना सामन्यासाठी ठाणे खाडी ओलांडून नेरूळला यावे लागे. अंधेरीचे मैदान बरेच लहान. पण तेथे प्रेक्षक खेळाजवळ बसतात व थोड्या संख्येतही वातावरणनिर्मिती होते. या स्थलांतराने संघाला घर मिळाले, नवी मुंबईला मात्र संघ गमवावा लागला. नेरूळचे क्रीडागार पुढे जागतिक स्पर्धांचे स्थान बनले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातील स्पेन-माली उपांत्य सामना व २०२२ मधील मुलींच्या विश्वचषकाचा स्पेन-कोलंबिया अंतिम सामना येथेच झाला. मुंबई सिटीही ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आशियाई चँपियन्स लीगमधील सौदी अरेबियाच्या अल् हिलाल संघाविरुद्धच्या सामन्यासाठी (०-२) येथे परतली. परंतु हे पुनरागमन तात्पुरतेच होते.

पाठीराखे : ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ हा क्लबच्या पाठीराख्यांचा प्रमुख संघटित गट. निळे झेंडे, ढोल, मोठी फलके व सामूहिक घोषणा ही त्याची साधने. ‘आमची सिटी’ या घोषवाक्यातील मराठी-इंग्रजी मिश्रण महानगराच्या बोलीला धरूनच आहे. दूरचित्रवाणीवर इंग्लंडमधील संघांचे सामने पाहून वाढलेल्या मुंबईकर पिढीला स्थानिक संघाकडे वळविणे सोपे नव्हते. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने तैवानचा ५-० असा पराभव केला, तेव्हा तेथे जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार छेत्रीने चित्रफितीद्वारे ‘मैदानावर या’ असे लोकांना कळकळीचे आवाहन केले. त्यानंतरच्या केन्याविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. प्रेक्षक या शहरात आहेत, परंतु त्यांना बोलवावे लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

उत्कर्ष : नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०२०-२१ मध्ये संघाने लीग शील्ड व अजिंक्यपद चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळविली. असे यश प्रथमच एखाद्या संघाला लाभले. १३ मार्च २०२१ रोजी मडगाव येथील अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अखेरच्या क्षणी केलेल्या गोलामुळे एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात करता आली. महासाथीमुळे हा संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मुंबई सिटीने मिळविला. २०२२-२३ ची लीग शील्ड फातोर्डा येथे गोव्याला ५-३ असे हरवून निश्चित झाली, तर ४ मे २०२४ चा चषक कोलकात्यात मोहन बागानच्या पाठीराख्यांसमोर ३-१ असा जिंकला. अशा रीतीने क्लबची ही चारही विजेतेपदे मुंबईबाहेरील मैदानांवर निश्चित झाली.

तुलना व मूल्यमापन : संघ, मैदान आणि पाठीराखे यांची ताटातूट इतरत्रही घडलेली आहे. सायप्रसमधील फामागुस्ता येथे १९११ मध्ये वाचनालयाच्या रूपाने जन्मलेल्या अनॉर्थोसिस या क्लबला १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर आपले शहर सोडून लार्नाका येथे आश्रय घ्यावा लागला. मैदान गेले, तरी निर्वासित पाठीराख्यांनी क्लब टिकविला व २००८ मध्ये तो चँपियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला पहिला सायप्रिऑट संघ ठरला. त्याच देशात ग्रीक यादवी युद्धावरून झालेल्या मतभेदांतून १९४८ मध्ये ओमोनिया क्लब निर्माण झाला. २०१८ मध्ये तो खाजगी भांडवलाकडे गेल्यावर काही पाठीराख्यांनी त्याच परंपरेचा दावा सांगणारा वेगळा क्लब स्थापन केला. मुंबईत पाठीराख्यांच्या हाती अशी मालकी कधीच नव्हती. इंडियन सुपर लीगच्या हक्कांविषयीच्या कराराचे नूतनीकरण न झाल्याने २०२५-२६ चा हंगाम लांबणीवर पडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी समूह क्लबमधून बाहेर पडला. भाग पुन्हा संस्थापक-मालकांकडे आले. कंपन्यांच्या धोरणावर अवलंबून असलेल्या मुंबईच्या जुन्या संघांचीच दुर्बलता यातून पुन्हा प्रत्ययास येते. मुंबई सिटीजवळ त्या संघांपेक्षा एक गोष्ट अधिक आहे : मालक कोणीही असला, तरी संघाला ‘आमचा’ म्हणणारा संघटित प्रेक्षकवर्ग. क्लबचे स्थैर्य विजेतेपदांपेक्षा या वर्गाच्या वाढीवरच अधिक अवलंबून आहे.