बारगीर आणि बर्गी : मूळ साधनांतून इतिहासाचे अध्यापन

बंगालमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला दोन इतिहास येतात. घरी आजोबांच्या तोंडून अटकेपार झेंडे लावणाऱ्या मराठ्यांची गाथा त्याच्या कानी पडते. शेजारच्या घरातून मात्र तान्ह्या बाळाला निजविताना बर्गी आल्याचे भय घालणारे अंगाईगीत ऐकू येते. बर्गी म्हणजे आपणच, हे कळण्याचे वय साधारणपणे नऊ-दहा वर्षांचे. मग तो घरी येऊन विचारतो, आणि वडीलधारी मंडळी बहुधा ‘ते लोक काहीही सांगतात’ एवढे म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात. मंडळाच्या रविवारच्या वर्गात इतिहास शिकविण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा याच प्रश्नापासून आरंभ करावा असे आम्ही ठरविले. व्याख्यान द्यावयाचे नाही, कागद पुढे ठेवावयाचे, एवढाच आमचा नियम.

पहिला कागद शब्दकोशाचा. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही मुलांच्या हाती दिले. ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा व हत्यारे तो शिलेदार; ज्याला ती सरकारातून वा सरदाराकडून मिळतात तो बारगीर. सैन्यातील एका हुद्द्याचा हा साधा शब्द बंगालीत जाऊन ‘बर्गी’ झाला आणि साऱ्या मराठ्यांना चिकटला. एका शब्दाच्या मागे लागून मुलांनी एक अख्खी सकाळ घालविली. कोश हा परीक्षेपुरता उघडावयाचा ग्रंथ आहे अशी समजूत असलेल्या पालकांस ही उधळपट्टी वाटली. आम्हांस तसे वाटले नाही.

त्यानंतर गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ काढले. हे बंगाली काव्य प्रसंगानंतर अवघ्या काही वर्षांत, १७५१ च्या सुमारास लिहिलेले आहे. १९६५ साली एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यामुळे ज्यांचे बंगाली कच्चे आहे त्यांचीही सोय झाली आहे. वर्गातील बहुतेक मुलांचे बंगाली मात्र आमच्याहून चांगले, त्यामुळे येथे शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे सांगणे कठीण झाले! काव्याचा आरंभच मुलांना चकित करणारा आहे. पापाच्या भाराने पृथ्वी त्रस्त होते, आणि तिचा भार हलका करण्यासाठी शिव नंदीकरवी शाहूराजाला प्रेरणा देतात. म्हणजे मराठे येतात ते देवाच्या आज्ञेने. पुढे गावे जळतात. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन पळतात, सोनार तराजू-वजने घेऊन, कोळी जाळी घेऊन. रुपयांसाठी लोकांचे हातपाय, नाक-कान कापले जातात, स्त्रियांवर अत्याचार होतात. ते पाहून देवीच रुष्ट होते आणि आपली कृपा नबाबाकडे वळविते.

ही पाने वाचताना वर्गात शांतता पसरली. ती शांतता मोडण्याची घाई आम्ही केली नाही. एका मुलीने मग विचारले, की कवी अतिशयोक्ती करीत नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या साक्षीदाराकडेच मागितले पाहिजे. वर्धमानच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या वाणेश्वर विद्यालंकाराने १७४४ मध्ये ‘चित्रचंपू’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तोही शाहूराजाच्या सैन्याने गर्भवती स्त्रिया, बालके, ब्राह्मण व दरिद्री यांनासुद्धा सोडले नाही असे लिहितो. एक लोकभाषेतील कवी, दुसरा दरबारी पंडित. भाषा निराळी, आश्रय निराळा, साक्ष एकच. फारसीतील ‘सियर-उल-मुताखरीन’ आणि ‘रियाझ-उस-सलातीन’ हे दोन ग्रंथ नंतरचे. त्यांना तिसरे-चौथे साक्षीदार मानताना हे अंतर लक्षात ठेवावे लागते.

आपल्या बाजूचे कागद दाखविणेही तितकेच आवश्यक होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत आणि या. मा. काळे यांच्या ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ या ग्रंथात या स्वाऱ्यांची दुसरी बाजू दिसते. अलिवर्दीखानाने १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत आपल्याच धन्याच्या मुलाला, सरफराजखानाला, मारून सुभेदारी बळकावली होती. रघूजी भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून आला तो चौथाईसाठी. मुर्शिदाबादेत जगत्शेठची पेढी लुटली गेली, त्या वेळी वाट दाखविणारा मीर हबीब हा याच प्रांताचा जाणता होता. १७४३ मध्ये तर खुद्द नानासाहेब पेशवे फौजेनिशी बंगालमध्ये आले, पलाशीजवळ अलिवर्दीला भेटले आणि त्याच्याशी करार करून त्यांनी रघूजींनाच प्रांताबाहेर हुसकावले. मराठे म्हणजे एकच एक सेना, ही मुलांची समजूत त्या दिवशी गळून पडली. पुढे १७४४ मध्ये अलिवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी भास्करपंताला मनकरा येथे बोलावून डेऱ्यात दग्याने ठार केले. हा दगा सांगताना वर्गातील काहींचे चेहरे उजळले. ‘पाहा, त्यांनीही केले!’ असा तो भाव होता. आम्ही तो वहीत टिपून ठेवला, कारण पक्षपात कसा उपजतो याचे तेच उत्तम साधन होते.

तारखांचा पाठ सर्वांत रंगला. कटव्याजवळ दाँईहाट येथे भास्करपंताने दुर्गापूजा मांडली असता अलिवर्दीने पहाटे छापा घातला, तो २७ सप्टेंबर १७४२ रोजी, असे इतिहासग्रंथांत छापलेले असते. मुलांनी आजच्या दिनगणनेने मागे मोजत जाऊन तिथी काढली, तर ती अमावास्येच्या आसपास निघाली. अमावास्येला दुर्गापूजा कशी? ग्रंथ चुकला की गणित चुकले? स्वामिकन्नू पिळ्ळे यांची जंत्री उघडल्यावर उलगडा झाला. १७५२ पर्यंत इंग्रजांची कालगणना जुनी, ज्यूलियन होती, आणि त्या शतकात नव्या गणनेशी तिचे अंतर ११ दिवसांचे होते. नव्या गणनेने तो दिवस ८ ऑक्टोबर येतो, आणि तिथी आश्विन शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमारास बरोबर जुळते. आपण शिवजयंतीची म्हणून मानतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या गणनेचीच, हे कळल्यावर मुले घरोघरी जाऊन पालकांची परीक्षा घेऊ लागली.

आकड्यांच्या बाबतीत असा सुखद उलगडा झाला नाही. या स्वाऱ्यांत चार लाख माणसे मेली, हे वाक्य हल्ली सर्वत्र वाचावयास मिळते. तो डच वखारवाल्यांचा अंदाज म्हणून सांगितला जातो. बंगालची पहिली शिरगणती मात्र १८७२ सालची. मोजणी नसता केलेला अंदाज किती धरावा? वर्गाने आकडा फळ्यावर लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. परंतु आकडा संशयित ठरला म्हणून जळालेली गावे संशयित ठरत नाहीत, हेही एका मुलाने आपण होऊनच सांगितले.

एका रविवारी वर्ग बागबाजारात भरविला. मराठ्यांच्या भयाने कंपनीच्या अमलात १७४३ मध्ये खणू लागलेला खंदक पुढे बुजवून त्याच्या मार्गावर मोठा रस्ता झाला. ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली तेवढी त्या नावाने राहिली आहे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला ते मराठे कलकत्त्यावर कधी आलेच नाहीत. आमची ही उशिराने आलेली तुकडी पाटीखाली उभी राहिलेली पाहून तेथील एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी चौकशी केली, आणि सारे ऐकून घेतल्यावर हसत हसत मिठाई मागविली.

जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांची मैत्री याच मुलुखांना जोडणारी. एकमेकांना कागद पाठवीत, एकमेकांच्या चुका दाखवीत त्यांनी हयात घालविली. त्या दोघांचा पत्रव्यवहार आता वर्गासाठी घेतला आहे. १७५१ च्या तहाने मराठ्यांकडे आलेला आणि १८०३ पर्यंत राहिलेला ओरिसा हा त्यापुढचा विषय. त्याकरिता मोडी वाचता आली पाहिजे. मंडळातील दोन ज्येष्ठ सभासदांनी शनिवारी सायंकाळी ती शिकविण्याचे कबूल केले आहे, आणि बोरू आणण्याची जबाबदारी यंदा पुण्यास जाणाऱ्या एका कुटुंबावर सोपविली आहे.