भिंतीवरचा प्रवास

मागच्या दिवाळीत नगरच्या घरातली माझी खोली नव्याने लावायला घेतली. पुण्यात आयटीतली नोकरी आहे, पण शनिवार-रविवार इथेच असते. डोक्यात 'व्हिंटेज ट्रॅव्हल' थीम होती. त्याप्रमाणे पॅरिस आणि व्हेनिसची जुन्या धाटणीची पोस्टर्स, एक पिवळट नकाशा आणि ताजमहालाचं जुनं रेल्वे-पोस्टर, असं सगळं ऑनलाइन मागवलं. आजीची पत्र्याची ट्रंकही घासून, रंगवून पलंगाच्या पायथ्याशी ठेवणार होते.

आजीने पोस्टर्स नीट पाहिली आणि विचारलं, "इथं गेलतीस का तू?"

"नाही."

"मग आपल्यातलं कोण गेलतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताजमहालाचं ते पोस्टर इंग्रजी अमदानीतल्या धर्तीचं. रेल्वे तेव्हा अशी पोस्टर्स पैसेवाल्या पर्यटकांसाठी काढायची. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने बसणाऱ्याला भुलवायला चित्राची गरज नव्हती, त्याला जावंच लागायचं. म्हणजे मी भिंतीवर टांगत होते ती दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रवासाची आठवण.

आणि हे नगरमध्ये! १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावरच धावली. त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारींचं राज्य होतं. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने मार्ग, वेळापत्रक आणि भाडं ठरवून द्यायला सुरुवात केली, आणि स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःच हाती घेतली. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्ड, शेव्हरोले, स्टुडबेकर, मॉरिस अशी नाना कंपन्यांची वाहनं होती. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला आणि महामंडळाच्या नावातही 'महाराष्ट्र' आलं.

एसटीलाही सजावटीची हौस होतीच. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर 'नीलकमल' आणि 'गिर्यारोहिणी' या दोन आरामगाड्या होत्या. मॉरिसच्या सांगाड्यावर बांधलेल्या, दोन-दोनची आसनं, पडदे, हिरवट काचा, आत सजावट आणि चक्क घड्याळ! व्हिंटेजच हवं होतं, तर ते इतकं जवळ होतं.

हे सगळं मी उत्साहाने आजीला सांगितलं. तिचं माहेर नगर-पुणे रस्त्यालगतचं. पहिली गाडी तिच्या गावावरून गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. मला वाटलं, आता गाडीच्या सुरस आठवणी निघतील. ती म्हणाली, "गाडी रोज दिसायची. बसले नाही कधी. चौथीनंतरची शाळा लांब होती. पोरीला एकटीला गाडीत कोण बसवणार?" ती एसटीत पहिल्यांदा बसली ती लग्नानंतर, सासरी निघाली तेव्हा. ट्रंक टपावर होती.

तोवर मी इतिहास गाडीच्या बाजूने वाचत होते. गाडी सुरू झाली म्हणजे लोक निघाले, असं धरून चालले होते. पण गाडी दारावरून जाणं वेगळं आणि मुलीला तिच्यात बसू देणं वेगळं. या दोहोंमध्ये आमच्या घरात एक अख्खी पिढी गेली.

मी लहानपणी गावी राहायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत रोज एसटीने तालुक्याच्या शाळेत गेले, तेही फुकट. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी महामंडळाचा मोफत पास असतो. त्या योजनेला नाव अहिल्यादेवी होळकरांचं. त्यांचा जन्म १७२५मधला, याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव आहे. शाळेत असताना पासवरच्या नावाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. कंडक्टरने मागितला की दाखवायचा, एवढंच. गाडी चुकली तर शाळा बुडायची आणि पावसाळ्यात ती बऱ्याचदा चुकायची. खिडकीच्या काचा खडखडायच्या, शेवटच्या बाकावर पाठीचा खुळखुळा व्हायचा. त्या गाडीत काहीही रम्य नव्हतं. तरी मी इंजिनिअर झाले ती त्याच गाडीमुळे.

ट्रंक रंगवली नाही. तिच्यावर टपावरच्या दोरांचे ओरखडे आहेत, तशीच ठेवली. ताजमहालाचं पोस्टर उतरवलं. पॅरिस राहू दिलं. जायचं आहे कधीतरी. आईच्या कपाटात माझा दहावीचा पास सापडला. दोन वेण्या, फोटोवर अर्धा शिक्का. त्याला फ्रेम केली.

मी ती पॅरिसच्या शेजारी लावत होते. आजी म्हणाली, "जरा खाली घे. मला बसल्याजागी दिसला पाहिजे."