रेक्टरी आणि माळवद

इंग्रजी कादंबरी शिकताना 'रेक्टरी' हा शब्द आला की 'धर्मगुरूचे घर' एवढा अर्थ सांगून आपण पुढे जातो. वास्तविक ते घर व्यक्तीचे नसे, पदाचे असे. गावच्या चर्चचा कारभार ज्याच्याकडे, त्याला ते राहावयास मिळे; पद सुटले की घरही सुटे. आपल्या वतनाशी त्याचे थोडे साम्य आहे. मात्र वतन वंशपरंपरेने चाले. जेन ऑस्टिनचा जन्म 1775 मध्ये स्टीव्हन्टनच्या अशाच एका रेक्टरीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती वास्तू पाडली गेली. तरीही तसल्या घरांतील दिवाणखाना, बाग, पाहुण्यांची ये-जा आपल्या विद्यार्थ्यांना कादंबऱ्यांतून परिचित असते.

ज्या घरांत या विद्यार्थ्यांचे आजे-पणजे नांदले, त्यांच्याबद्दल असे म्हणता येईल काय? लातूर-नांदेडकडील जुन्या वाड्याची रचना ढाळजेपासून सुरू होई. पुढे चौक, ओसरी, देवघर, धान्याचे बळद. घराचा विस्तार खणांत मोजीत. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर लाकडांचा थर आणि वर मातीचे जाड माळवद. दगडमातीच्या रुंद भिंती आणि हे माळवद उन्हाळ्याची काहिली आत येऊ देत नसत. उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे माळवदावरच पडत.

30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि याच घरांनी हजारो माणसे गाडली. कारणे बांधणीतच होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचे नवे थर चढत आणि भार वाढत जाई. ज्या जाडीने ऊन अडविले, तिनेच जीव घेतले. पुढे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. जी घरे उभी राहिली होती, त्यांच्यासाठी भिंतींचे पदर सांधणे, माळवदावरची माती कमी करणे असे उपाय सुचविले गेले. म्हणजे दोष दगडाचा किंवा मातीचा नव्हता, सांध्याचा होता.

म्हणूनच माळवदाविषयी नुसते हळवे होऊन लिहिणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. आणि त्याला मागासलेपणाची खूण ठरवून विसरून जाणेही तितकेच अन्यायाचे. स्टीव्हन्टनची रेक्टरी पडली, पण तसल्या घरांतले जगणे आधीच शब्दांत उतरले होते. आपली घरे एका पहाटेत गेली आणि ढाळज, खण, बळद हे शब्द आता आमच्याच वर्गात समजावून सांगावे लागतात. ज्यांना ते अजून ठाऊक आहेत, त्यांच्याकडून ते विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावेत, आणि त्या घरांत काय घडले तेही.