खोडियारमातेचे वाहन आणि चरोतरची तळी

चरोतर म्हटले की आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना तंबाखूची शेते आणि पेटलादचा महाल आठवतो. मही आणि साबरमती यांच्या मधला हा सुपीक मुलूख. पेटलाद, सोजित्रा ही गावे गायकवाडांची, तर लगतचा मातर तालुका इंग्रजांच्या खेडा जिल्ह्यात. हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. त्या हद्दींचे सोयरसुतक नसलेला या मुलखाचा एक जुना रहिवासी म्हणजे मगर.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कातड्याच्या व्यापाराने आणि शिकारीने देशभर मगरींचा जवळजवळ निःपात केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि 1975 मध्ये केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. अंडी गोळा करणे, पिल्ले वाढवणे, ती पाण्यात सोडणे हा त्या प्रकल्पाचा मार्ग. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आजही ही जात जागतिक यादीत 'असुरक्षित' वर्गातच आहे. परंतु मलातज, देवा, हेरंज, त्राज या गावांच्या तळ्यांत मगर टिकली, ती केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे.

तिथे मगर ही खोडियारमातेचे वाहन मानली जाते. भावाला सर्पदंश झाला तेव्हा जानबाई अमृत आणण्यास पाताळात गेली, वाटेत पायाला इजा झाली आणि मगरीच्या पाठीवरून ती परतली, अशी कथा. लंगडत आली म्हणून खोडियार. ही श्रद्धा अजून किती जिवंत आहे, याचा प्रत्यय 2019 च्या जूनमध्ये महीसागर जिल्ह्यातील एका गावी आला. मातेच्या मंदिरात मगर शिरली, तेव्हा लोकांनी तिची पूजा मांडली आणि वनखात्याच्या माणसांना तिला हलवण्यासाठी तिष्ठत राहावे लागले. गोव्यातील वाचकांना यात नवल वाटू नये. कुंभारजुवे कालव्याकाठच्या खाजण शेतीत पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पुजतात. तीही याच जातकुळीची.

तथापि नुसत्या भक्तीने तळे भरत नाही. 1958 मध्ये वणाकबोरी येथे महीवर बंधारा झाला आणि उजव्या कालव्याचे पाणी खेड्यापाड्यांत खेळू लागले. शेते भाताची झाली, आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या तळ्यांना बारमाही ओल मिळाली. शेतकऱ्यासाठी आणलेले पाणी मगरीच्याही कामी आले. हा योग कोणत्याही योजनेत लिहिलेला नव्हता!

आज त्या काठांवर बायका धुणे धुतात, म्हशी डुंबतात आणि पलीकडच्या उतारावर मगर ऊन खात पडलेली असते. वल्लभ विद्यानगरच्या वॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांच्या सहकार्याने या सहवासाचा अभ्यास चालवला आहे. गेली दहाहून अधिक वर्षे थंडीच्या दिवसांत ठिकठिकाणचे स्वयंसेवक तळ्यातळ्यांवर बसून मगरींची गणती करतात. थंडीत मगरी उन्हाला बाहेर येतात, म्हणून हा काळ निवडलेला. कोणत्या तळ्यात किती, हे गावालाही त्यातून कळते.

आम्ही सरकारी दप्तरात आयुष्य घालवले. तिथे तळे म्हणजे गावठाणालगतचे एक सर्वे नंबर, फार तर मासेमारीच्या इजाऱ्याचे उत्पन्न. काठ मगरीला कशासाठी हवा, याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो. ती काठात बीळ खोदते, उन्हाळ्याच्या तोंडी कोरड्या मातीत अंडी घालते, पावसाच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. तळ्याचे 'सुशोभीकरण' म्हणून चहूबाजूंनी दगडी भिंत बांधली की मगर मारावी लागत नाही. तिची पुढची पिढीच थांबते. हे करणाऱ्या गावाच्या मनात पाप नसते, आणि म्हणूनच ते रोखणे शिकार रोखण्याहून कठीण.

आमच्या शहरातील विश्वामित्रीची गोष्ट याहून वेगळी. 2024 च्या ऑगस्टमधील महापुरात मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या. 2025 च्या फेब्रुवारीत तिथे 442 मगरी मोजल्या गेल्या. पाठोपाठ, ऐन विणीच्या हंगामात, नदी रुंद व खोल करण्याचे काम सुरू झाले. पुराने गांजलेल्या घरांची निकड खोटी नव्हती. परंतु चरोतरच्या गावाला आपली मगर ओळखीची असते, शहराला ती फक्त पुरात दिसते. आमच्यापैकी किती घरांतून विश्वामित्रीचा काठ पुराव्यतिरिक्त कुणी पाहिला आहे? थंडीतल्या एखाद्या सकाळी मलातजला जाऊन यावे. आणंदमार्गे सोजित्रा, आणि तेथून थोडे पुढे. तळे कुणीही दाखवील.