तिसऱ्या दिवसाची थरथर

मंडळी, आपण पनवेलला बसलोय. इथून जवळ, कामोठ्याला मेडिकल कॉलेज आहे, म्हणून सुरुवात वॉर्डापासूनच करतो. हायवेलगतच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात असं घडतं : पाय मोडलेला माणूस दाखल होतो आणि दोन-तीन दिवसांनी त्याचे हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात. घरच्यांनी दारूचं सांगितलेलं नसतं, कारण विचारणाऱ्याचा सूरच तसा होता. रोजची दारू एकदम तुटल्यामुळे हे झालंय. वेळेत ओळखलं नाही तर जीवावर बेततं. आणि रात्री वॉर्डात असतो तो इंटर्न. त्याला हे शिकवलं कुणी?

जुन्या अभ्यासक्रमात दारू भेटायची ती तुकड्यातुकड्यांत. पॅथॉलॉजीत खराब झालेलं लिव्हर. न्यायवैद्यकात जयसिंग मोदींचं 1920 सालचं पुस्तक, त्यात अफू, धोतरा, दारू ही सगळी विषं. 1949 साली मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला, तिथे पिणारा माणूस गुन्हेगार तरी, नाहीतर परवानाधारक. परवाना कशासाठी, तर तब्येतीसाठी! असो. पेशंट म्हणून हा माणूस विद्यार्थ्याला फारसा भेटतच नव्हता.

ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर आली. 1985 साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्या सुमारास अनिल अवचट गर्दुल्ल्यांमध्ये, त्यांच्या आईबापांमध्ये जाऊन बसले. अवचट पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे एमबीबीएस, पण व्यसन ते शिकले ते असं, पत्रकार होऊन. त्यातून ‘गर्द’ लिहिलं गेलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. उभं केलं ते मुख्यतः डॉ. सुनंदा अवचटांनी, त्या तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या.

माझ्या मते मुक्तांगणातली मोठी गोष्ट औषधांची नाही. व्यसनातून बाहेर पडलेले लोकच तिथे समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. म्हणजे शिकवणारा कोण, हेच बदललं. याचं मूळ अमेरिकेत सापडतं. 1935 साली अ‍ॅक्रन गावातले सर्जन डॉ. बॉब स्मिथ स्वतः दारुडे होते. त्यांच्याशी दुसरा एक दारुडा येऊन बोलला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. सर्जनला जे कॉलेजात मिळालं नाही, ते पेशंटकडून मिळालं.

2019 च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात व्यसनांना मानसोपचाराखाली स्वतंत्र जागा आहे. 2021 च्या नियमांनुसार इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे आहेत. चांगलंच झालं, पण दोन आठवड्यांत फार तर थरथर ओळखता येते, थायमिन द्यायचं लक्षात राहतं. विचारायचं कसं, ते येत नाही. विद्यार्थ्यांना एक दुपार सहचरींसारख्या गटात नुसतं ऐकायला बसवावं. मग केस घेताना ‘दारू पिता का हो?’ असं दरडावण्याऐवजी, डायबेटिसवाल्याला इन्सुलिनचं विचारतो त्याच आवाजात तो विचारेल, “काका, शेवटची कधी घेतली होती?”