ठंडाई कोणाची?

डॉक्टरांनी अम्मीचा चहा बंद केला. दूध तिला आधीपासूनच पचत नाही. मग रमजानमध्ये इफ्तारसाठी मी बदामाचं शरबत करू लागले. वीसेक बदाम, चमचाभर खसखस आणि टरबुजाच्या बिया सेहरीलाच भिजत घालायच्या. असरनंतर बदाम सोलायचे, गुलाबाच्या पाकळ्या आणि वेलची घालून सगळं बारीक वाटायचं, पाणी घालून मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. गुलाब गावठी हवा, आणि खाण्यासाठी म्हणून घेतलेला; बुकेतल्या फुलांवर फवारणी असते. वरून केवड्याच्या पाण्याचे दोन थेंब.

२०२५ च्या १४ मार्चला धुळवड आणि रमजानचा जुमा एकाच दिवशी आला. त्या आठवड्यात वर्गात या शरबताची गोष्ट निघाली, तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, ही तर ठंडाई! ती त्यांची असते ना?"

मी भाषेची शिक्षिका. फळ्यावर शब्द लिहिले. बदाम फारसी. खसखस आपल्याकडे फारसीतूनच आली. गुलाब म्हणजे 'गुल' अधिक 'आब', फुलाचं पाणी. फारसीत हे गुलाबजलाचं नाव. आपण ते फुलाला दिलं आणि मग 'गुलाबपाणी' म्हणून पाणी दुसऱ्यांदा ओतलं! म्हणजे शिवरात्रीच्या ठंडाईत निम्मी फारसी विरघळलेली. आता आपल्या मोहरमच्या सबीलवरचं शरबत घ्या. 'शरबत' अरबी, पिणे या अर्थाच्या धातूपासून. पण त्यातली साखर? संस्कृत 'शर्करा' इराणात जाऊन 'शकर' झाली. वेलची तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची.

मांडूचा सुलतान गियासुद्दीन खिलजी याच्या दरबारात 'निमतनामा' हे पाककृतींचं सचित्र पुस्तक सुरू झालं आणि १५०० नंतर त्याच्या मुलाच्या काळात पुरं झालं. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात गुलाबजल आणि शरबतं आहेत, तशाच इथल्या भाज्या, डाळी आणि विडेही. सुलतानाच्या स्वयंपाकघरातच सरमिसळ झाली होती. आमच्या वर्गात ती वेगळी कोण करणार?

यात खरा नवखा चहाच. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्याच्या जाहिरातीसाठी पैसा उभा केला गेला. हिंदुस्थानातल्या घराघरांत तो विसाव्या शतकात रुजला. आज मात्र 'हा कोणाचा?' असं चहाबद्दल कुणी विचारत नाही.

त्या मुलीने वहीत विचारपूर्वक दोन रकाने आखले होते, 'त्यांचं' आणि 'आपलं'. तास संपला तेव्हा ती वेलची कुठे लिहायची ते विचारत होती. मी म्हटलं, रेघ खोड आणि लिही.

संध्याकाळी अम्मीने पेला रिकामा केला. "अच्छा है," ती म्हणाली. "अब चाय?"