घर सोडलेल्या बाईचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनी आपण स्मरणिकेत सत्याग्रहांचा, परिषदांचा, धम्मदीक्षेचा इतिहास लिहितो. तो लिहिलाच पाहिजे. पण आपल्या वस्तीतला एक इतिहास कुणी लिहीत नाही. नवऱ्याची मारझोड सोसून सोसून एक दिवस पोर कडेवर घेऊन बाहेर पडलेल्या बाईचा तो इतिहास. ती घर सोडते त्या दिवसाची चर्चा सगळी चाळ करते. पुढच्या वीस वर्षांची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

हे दुःख आजचं नाही. थेरीगाथेत इसिदासी थेरी आहे. उज्जैनीच्या श्रेष्ठीची लेक, साकेतला दिलेली. दासीसारखी राबली, तरी नवऱ्यानं तिला घालवून दिलं. नंतर आणखी दोनदा लग्न झालं, दोन्ही वेळा तेच घडलं. मग जिनदत्ता नावाची भिक्खुणी दारी आली आणि इसिदासीनं संघाची वाट धरली. पुढं पाटलीपुत्रात एकदा जेवणानंतर बोधी नावाच्या भिक्खुणीनं तिला विचारलं आणि तिनं आपली सगळी कहाणी सांगितली. जे आठवताना जीव जळतो, ते सोबतिणीपाशी बसून सांगता येणं, हीच बरं झाल्याची खूण आहे. पण त्याआधी तिला राहायला जागा आणि आपलं म्हणणारी माणसं मिळाली होती, हे विसरता कामा नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या होत्या. बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये, असं बाबासाहेबांनी तिथं बजावलं. त्या परिषदेनं स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मागितला. त्याच परिषदेनं गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शनही मागितलं. दोन्ही मागण्या एका मांडवात का? कारण सुटायचा हक्क मिळाला, पण हाती कमाई नसली, तर बाई पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाते.

मी लहान असताना आमच्या चाळीत एक मावशी होत्या, गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला. नवऱ्याला सोडून आल्या होत्या. रात्री कुणाचीही कडी वाजली की दचकून उठायच्या. नवरा गोड बोलून दोनदा घेऊन गेला, दोनदा त्या परत आल्या. लोक म्हणाले, हिचंच काही खरं नाही. पण पगाराचं पाकीट त्यांच्या हातात होतं, आणि पाळीला गेल्या की शेजारच्या बाया पोरं सांभाळायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार थांबला, तेव्हा त्यांनी डबे करून दिले, पण परत गेल्या नाहीत. एका बुद्धपौर्णिमेला खीर वाटताना त्या मोठ्यानं हसल्या. माझी आई म्हणाली, "आता ही खरी सुटली." घर सोडल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

कायदाही असाच सावकाश आला. हिंदू कोड बिल रखडवलं, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला, तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. पण छळ हे घटस्फोटाचं कारण धरलं गेलं १९७६ च्या दुरुस्तीनंतर. १९८३ मध्ये सासरचा छळ हा फौजदारी गुन्हा झाला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, तो २००६ पासून अमलात आला.

हे आपोआप झालं नाही. १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. टाकलेल्या बायांच्या मागण्यांत पोटगी होती, घर होतं, आणि स्वतःच्या नावाचं रेशनकार्डही होतं. कुणाला वाटेल, कार्डाचं काय एवढं? नवऱ्याच्या कार्डावरचं नाव म्हणजे त्याच्या हातातला दोर. आपल्या नावावर धान्य मिळालं की बाई कुटुंबप्रमुख होते.

मग आपण काय करायचं? मार खाऊन आलेल्या लेकीला "मिटवून घे" म्हणून परत धाडू नका. स्त्रीला, तिची कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे घरोघरी सांगा. तिला कामाला लावून द्या, तिची पोरं सांभाळा. ती एकदा परत गेली तरी तिच्यासाठी दार लावून घेऊ नका. आणि वर्षभरानं "अजून तेच धरून बसलीस?" असं विचारू नका. जखमेला किती दिवस लागतील, हे जखम झालेल्यानंच सांगायचं असतं. आपलं काम तोवर शेजारी राहायचं.

जय भीम! नमो बुद्धाय!